लाइट गेली की घरातले संगणक एकमेकांना दिसेनासे होतात, इंटरनेट मात्र चालूच असतं

"परत दिसंना झालंय बघ."

हळदीच्या हंगामात काकांचा हा फोन मला आठवड्यातून एकदा तरी यायचा. काकांची सांगलीत हळदीची अडत आहे. दिवसभर मार्केट यार्डात सौदे, आणि पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब, करायचं काम संध्याकाळी गावभागातल्या घरी. हिशेबाचं सगळं फोल्डर माडीवरच्या डेस्कटॉपवर असतं. काका खाली सोप्यात लॅपटॉप घेऊन बसतात, प्रिंटरही खालीच. लॅपटॉपवरून माडीवरचं फोल्डर उघडायचं, पट्टी तयार करायची आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याच्या हातात छापील कागद द्यायचा, असा रोजचा शिरस्ता. ज्या दिवशी डेस्कटॉप दिसत नाही, त्या दिवशी वहिनी पेनड्राइव्ह घेऊन जिना चढते-उतरते आणि लांबून आलेला माणूस गाडी चुकेल म्हणून घड्याळाकडे बघत बसतो.

पेनड्राइव्हचा खरा धोका वेगळाच होता, तो आम्हाला उशिरा कळला. एकाच खातेवहीच्या दोन प्रती झाल्या. एका पट्टीतली हमाली आणि तोलाई खालच्या प्रतीत चढली, माडीवरच्या प्रतीत राहून गेली. रक्कम फार नव्हती, पण शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा असणं काकांना अजिबात खपत नाही, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा ठरवलं की आता तात्पुरती मलमपट्टी पुरे, मुळाशी जायचं.

हे सविस्तर लिहितेय, कारण ही रचना फक्त आमच्याच घरात नाही. फायबरवाल्यांचा एक डबा, आणि त्याची रेंज पोचत नाही म्हणून बाजारातून आणलेला दुसरा राउटर, असं सांगली-मिरजेतल्या कितीतरी घरांत मी पाहिलंय. यातल्या बऱ्याच घरांत "संगणक दिसत नाही" या तक्रारीचं मूळ तिथंच निघतं.

आधी घराची मांडणी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा काकांच्या सोप्यातलं कपाट, जुना डेस्कटॉप आणि वह्या सगळं भिजलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर नवा डेस्कटॉप माडीवरच बसवला, इन्व्हर्टरही वर नेला. पुढं फायबर घेतलं तेव्हा काकांनी त्याचा डबाही माडीवरच लावून घेतला. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं आणि हा निर्णय किती योग्य होता ते दिसलं. म्हणून पुढे जे काही सांगते त्यात "डेस्कटॉप खाली आणा" हा उपाय नाही. तो आमच्यासाठी उपाय नव्हेच.

घर जुनं, भिंती जाड. वरच्या डब्याचं वायफाय सोप्यात पोचेना, म्हणून एका ओळखीच्या मुलानं खाली दुसरा राउटर बसवून दिला. वरच्या डब्यातून एक केबल खाली आणली आणि राउटरच्या वेगळ्या रंगाच्या, वॅन लिहिलेल्या (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या) खाचेत खोचली. घरच्यांना सोपं जावं म्हणून दोन्हीकडच्या वायफायला नाव आणि पासवर्ड एकच दिला. इंटरनेट दोन्हीकडं सुरेख चालू लागलं. त्यानं मनापासूनच काम केलं होतं, पण अडचण याच दोन गोष्टींत दडलेली होती.

आधी वही, मग सेटिंग

वारंवार येणारी अडचण असेल तर पहिल्यांदा सेटिंगला हात लावू नका. दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: किती वाजता बंद पडलं, त्याआधी काय घडलं, काय केल्यावर चालू झालं. आमच्याकडं वहिनीनं ही नोंद कॅलेंडरवरच ठेवली. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. संगणक दिसेनासा होतो तो लाइट जाऊन आल्यावर. एप्रिल-मेत वळीव बरसला की आमच्याकडं लाइट जाते, आणि नेमका तोच हंगाम. दुसरी गोष्ट म्हणजे खालचा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी काही उपयोग होत नाही, पण माडीवरचा डेस्कटॉप बंद-चालू केला की कधी जमतं, कधी नाही.

हे "कधी जमतं" महत्त्वाचं आहे. शेअरिंगचं सेटिंगच चुकलेलं असतं तर ते कधीच जमलं नसतं. म्हणजे सेटिंग शाबूत आहे आणि लाइट गेल्यावर दुसरंच काहीतरी बदलतंय, एवढा निष्कर्ष हातातल्या कागदावरूनच निघाला.

दोघे एकाच नेटवर्कवर आहेत का?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा आणि त्याचं उत्तर वायफायच्या नावावरून द्यायचं नाही, पत्त्यावरून द्यायचं. दोन्ही संगणकांवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि तिच्यात आयपीकॉन्फिग ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबा. वायफायच्या मथळ्याखाली तीन ओळी बघायच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला त्या संगणकाचा आकडी पत्ता; सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग सगळ्यांचा सारखा ते सांगणारा आकडा; आणि डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट देणाऱ्या राउटरचा पत्ता. घरगुती राउटरमध्ये मास्क बहुतेक २५५.२५५.२५५.० असतो. तसा असेल तर पत्त्यातले पहिले तीन आकडे दोन्हीकडं सारखे हवेत आणि गेटवे तोच हवा.

त्या संध्याकाळी आमच्याकडं काय निघालं बघा. खाली लॅपटॉपवर पत्ता १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१. वर डेस्कटॉपवर पत्ता १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१. तिसरा आकडा वेगळा, गेटवे वेगळा. दोन्ही पडद्यांवर वायफायचं नाव मात्र एकच, आणि इंटरनेट दोघांनाही.

आता काय घडत होतं ते सरळ दिसलं. डेस्कटॉपला वायफायचा यूएसबी डोंगल आहे. ती खोली सोप्याच्या बरोबर वर असल्यामुळं एरवी तो खालच्या राउटरला जोडलेला असतो. लाइट गेली की डेस्कटॉप इन्व्हर्टरवर चालू राहतो, वरचा डबाही चालू राहतो, खालचा राउटर मात्र इन्व्हर्टरवर नाही, तो विझतो. डेस्कटॉपला त्याच नावाचं दुसरं वायफाय दिसतं, पासवर्डही तोच, म्हणून तो गुपचूप वरच्या डब्याला जाऊन चिकटतो. लाइट आल्यावर खालचा राउटर उठतो, लॅपटॉप त्याला जोडला जातो. पण डेस्कटॉपला परत यायचं काही कारणच नसतं, त्याचं वायफाय छान चालू आहे. खालचा राउटर कितीदा बंद-चालू करा, डेस्कटॉप त्याच्यावर नाहीच. डेस्कटॉप बंद-चालू केला की दोघांपैकी ज्याची रेंज त्या घडीला पुढं, त्याला तो धरतो.

नाव एकच असल्यामुळं हे नजरेला पडत नव्हतं. विंडोजनं मात्र एक खूण ठेवलेली होती. कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये आमच्या वायफायच्या नावापुढं २ असा आकडा होता. गेटवे वेगळा असला की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं आणि नाव तेच असेल तर पुढं आकडा लावतं. तुमच्याकडं नावापुढं असा आकडा दिसला तर थांबून दोन्ही पत्ते तपासा. नक्की कोणत्या डब्याला जोडलंय हेच बघायचं असेल तर काळ्या खिडकीत नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, इंटरफेसेस हे चार शब्द एकेक जागा सोडून लिहा. बीएसएसआयडीच्या ओळीत त्या डब्याच्या रेडिओचा खास क्रमांक येतो, तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर प्रकार निराळा. त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, त्यानं स्वतःच एक लावून घेतलाय. तिथं वायफाय तोडून पुन्हा जोडा, नाही जमलं तर राउटर बंद-चालू करा.

राउटरमागं राउटर: वाड्यातला वाडा

वॅनच्या खाचेत केबल खोचली की दुसरा राउटर आपल्या मागं स्वतंत्र नेटवर्क उभं करतो. एका वाड्याच्या आत दुसरा वाडा बांधावा आणि त्याच्या दिंडी दरवाजाला आतून कडी लावावी, तसं हे आहे. आतला माणूस कडी काढून बाहेर जाऊ शकतो, म्हणून खालच्या लॅपटॉपला इंटरनेट मिळतं. बाहेरच्याला आत यायचं तर दारात कुणी ओळखत नाही. म्हणून वरच्या डब्याला जोडलेला फोन सोप्यातल्या प्रिंटरवर छापायला गेला की प्रिंटर सापडत नाही. आणि "मी इथं आहे" अशी जी हाक संगणक एकमेकांना मारतात, ती भिंतीपलीकडं जातच नाही. ती फक्त आपल्याच वाड्यात ऐकू येते.

उपाय एकच आणि कायमचा: आतली भिंत काढायची. खालच्या राउटरला पत्ते वाटायचं काम सोडायला लावायचं, त्यानं फक्त वायफाय पसरवावं. बऱ्याच नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड असतो, तिथं ॲक्सेस पॉइंट निवडला की झालं. आमचा जुना होता, त्यात हा पर्याय नव्हता, म्हणून हातानं केलं. त्यात क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण चुकला तर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची वाटच हरवते.

आधी लॅपटॉप केबलनं खालच्या राउटरला जोडला. त्याच्या सेटिंगमध्ये लॅनचा, म्हणजे घरातल्या बाजूचा, पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, म्हणजे वरच्या डब्याच्याच ओळीतला, पण त्याच्या १९२.१६८.१.१ शी न भांडणारा. राउटर पुन्हा चालू झाला की नव्या पत्त्यावर जाऊन आत शिरायचं. मग डीएचसीपी बंद केलं, ते पत्ते वाटण्याचं खातं. आणि सगळ्यांत शेवटी वरून आलेली केबल वॅनच्या खाचेतून काढून शेजारच्या लॅनच्या एका खाचेत घातली. वॅनची खाच आता रिकामी राहते, ती तशीच ठेवायची. वरच्या डब्यात पत्ते वाटायची सुरुवात २ पासून असेल तर ती १० च्या पुढं न्या, नाहीतर एखाद्या दिवशी तो राउटरचाच पत्ता कुणाच्या तरी फोनला देऊन बसेल.

हे झाल्यावर दोन्हीकडं वायफायचं नाव एकच असणं चांगलंच. आता कुठल्याही डब्याला जोडा, वाडा एकच. वायफायचे चॅनल, म्हणजे लहरींचे पट्टे, मात्र वेगळे ठेवा: २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे चॅनल आहेत, त्यातले दोन घ्या.

एका नेटवर्कवर आले, तरी दिसत नाही

भिंत काढल्यावर आमच्याकडंही लगेच सगळं सुरळीत झालं नाही. लॅपटॉपच्या नेटवर्कच्या यादीत डेस्कटॉप येईना. इथं एक चाचणी सांगते, ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. यादीकडं बघतच बसू नका. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यांना लागून समोरच्या संगणकाचा आयपी पत्ता इंग्रजी आकड्यांत लिहून एंटर दाबा. तीनपैकी एक गोष्ट घडते.

फोल्डर उघडलं, तर वाट मोकळी आहे, फक्त यादीत नाव दिसण्यात अडचण आहे. पासवर्ड मागितला, तरी आनंदच माना, कारण तुम्ही दारापर्यंत पोचलात. उरलं ते खातं आणि परवानगी. आणि बराच वेळ फिरून "नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड" आलं, तर वाटेतच कुणीतरी अडवतंय.

आमच्याकडं तिसरं झालं. अडवणारा होता डेस्कटॉपचाच फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला दारात अडवणारा विंडोजमधला पहारेकरी. गेटवे वेगळा दिसल्यामुळं विंडोजनं हे नेटवर्क नवीन धरलं होतं आणि नव्या नेटवर्कला ते सार्वजनिक समजतं, एसटी स्टँडवरच्या वायफायसारखं. सार्वजनिक जागी फाइल शेअरिंगची दारं बंद ठेवणं हे त्याचं कामच आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज, तिथं पब्लिक ऐवजी प्रायव्हेट निवडा. दोन्ही संगणकांवर. मग ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. पब्लिकखालची बंदच राहू द्या.

पिंगवर, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का हे बघणाऱ्या आज्ञेवर, फार विसंबू नका. पिंगला उत्तर आलं तर छान, पण नाही आलं म्हणून वाट बंद आहे असं ठरवू नका, फायरवॉल कित्येकदा फक्त पिंग गिळतो. खरी वाट तपासायची तर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा, पुढं समोरचा पत्ता आणि पोर्ट (संगणकातलं एका कामाचं ठरलेलं दार) ४४५ असं द्या. विंडोजची फाइल शेअरिंग ४४५ या पोर्टवरून चालते. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर दार उघडं आहे.

संगणकावर बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल असतो आणि त्याचंही वेगळं घर-बाहेर असं वर्गीकरण असतं. विंडोजमध्ये प्रायव्हेट केलं आणि तिथं विसरलं, असं होतं. ऑफिसच्या कामाचं व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) चालू असेल तर ते बंद करून बघा. कित्येक व्हीपीएन घरातल्या नेटवर्कची वाट जाणूनबुजून तोडतात.

फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका. तपासापुरता दोन मिनिटं बंद केला तर समजू शकते, पण "चालतंय ना, राहू दे" म्हणून तसाच सोडलेला संगणक मी पाहिलाय, आणि त्यात लोकांचे हिशेब होते.

वायफायवरच एकमेकांपासून तोडलेलं

दोघांचा पत्ता एकाच ओळीतला, प्रायव्हेटही केलंय, तरी काहीच पोचत नाही? मग एक संगणक केबलनं राउटरला जोडून बघा. केबलवर चाललं आणि दोघेही वायफायवर असताना नाही, तर राउटरच वायफायवरच्यांना एकमेकांशी बोलू देत नाही. सेटिंगमध्ये एपी आयसोलेशन, क्लायंट आयसोलेशन किंवा डब्ल्यूलॅन आयसोलेशन अशा नावानं हे सापडतं, ते बंद करा. कुणी गेस्ट नेटवर्कला जोडलंय का तेही बघा. पाहुण्यांसाठीचं ते नेटवर्क इंटरनेट देतं, पण घरात शिरू देत नाही. फायबरवाल्यांच्या डब्यात कधीकधी हे पान ग्राहकाला उघडतच नाही, तेव्हा त्यांना फोन करून नेमकं हेच नाव सांगून मागा. "नेटवर्क चालत नाही" म्हटलं तर ते इंटरनेटचा वेग मोजून परत जातील.

नावानं दिसत नाही, पत्त्यानं उघडतं

पूर्वी नेटवर्कची यादी एसएमबी१ या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीवर भरायची. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या शेवटापासून, नव्या संगणकावर ती पद्धत मुळात बसवलेलीच नसते. होमग्रुप ही घरातले संगणक जोडायची जुनी सोयही २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकला. आता यादीत दिसण्यासाठी दुसरी व्यवस्था आहे आणि तिच्यासाठी सर्व्हिसेसमध्ये फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन या दोन सेवा चालू लागतात. डेस्कटॉपवर दुसरी सेवा ऑटोमॅटिक केली आणि यादीत नाव आलं.

कुणी सांगेल, एसएमबी१ परत चालू करा, लगेच दिसेल. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं जगभरात संगणक कुलूपबंद केले, ते याच एसएमबी१ मधल्या भोकातून पसरत. विंडोज ७ चा जुना संगणक असला तरी त्याला नवीन पद्धत येते, त्याच्यासाठीही एसएमबी१ लागत नाही. फक्त विंडोज एक्सपीला लागते, आणि तो संगणक नेटवर्कवर न आणलेलाच बरा.

खरं सांगायचं तर रोजच्या कामाला ती यादी लागतच नाही. लॅपटॉपवर हिशेबाच्या फोल्डरला झेड हे ड्राइव्हचं अक्षर देऊन टाकलं, काका सरळ झेड उघडतात. त्यासाठी डेस्कटॉपचा पत्ता कधी बदलता कामा नये. म्हणून वरच्या डब्यात ॲड्रेस रिझर्व्हेशनमध्ये डेस्कटॉपचा मॅक क्रमांक (नेटवर्कच्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक) घालून त्याला १९२.१६८.१.५० कायमचा नेमून दिला, प्रिंटरला ५१. प्रिंटर अधूनमधून ऑफलाइन दिसायचा तोही प्रकार यानं थांबला, कारण लाइट जाऊन आली की त्याचाही पत्ता बदलायचा आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसायचा. रिझर्व्हेशन करताना विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये रँडम हार्डवेअर ॲड्रेस बंद आहे ना ते बघा, नाहीतर मॅक क्रमांकच बदलत राहील.

पासवर्ड मागतंय आणि कुठलाच घेत नाही

इथं लोक पिन टाकून दमतात. चार आकडी पिन फक्त त्या संगणकासमोर बसलेल्या माणसासाठी असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर ईमेल आणि त्या खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. आणि ज्या स्थानिक खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. म्हणून आम्ही डेस्कटॉपवर फक्त या कामासाठी एक वेगळं स्थानिक खातं केलं, त्याला चांगला पासवर्ड दिला आणि हिशेबाच्या फोल्डरची परवानगी तेवढ्या एका खात्याला दिली. एव्हरीवनला दिलेली होती ती काढली. लॅपटॉपवर आधीचा चुकीचा पासवर्ड साठून राहिला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो पुसा, नाहीतर तो तुम्हाला न विचारता तोच पुन्हा पुन्हा देत राहतो.

राउटरला पेनड्राइव्ह किंवा जुनी हार्डडिस्क लावून ती घरभर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणक पासवर्डाशिवायचं पाहुण्यासारखं शेअरिंग नाकारतो आणि सही केलेलीच देवाणघेवाण मागतो. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी ती डिस्क उघडेनाशी झाली तर शोध तिथून सुरू करा. डिस्कला नाव-पासवर्ड लावता येत असेल तर लावा, तोच चांगला रस्ता.

जे हलत नाही त्याला केबल

डेस्कटॉप आणि वरचा डबा यांच्यात दहा-बारा फुटांचं अंतर होतं. मग डोंगल कशाला? एक केबल टाकली, डोंगल काढून ठेवला आणि रिझर्व्हेशनमध्ये डोंगलच्या जागी केबलच्या खाचेचा मॅक क्रमांक घातला, कारण तो वेगळा असतो. इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात त्याच्या जवळपासही जायची वेळ येत नाही. हिशेबाची फाइल उघडी असताना वायफाय मध्येच तुटलं तर फाइल खराब व्हायची भीती असते, निम्मा रस्ता तरी पक्का झाला. पण ही केबल आधीच टाकली असती, आणि खालचा राउटर वॅनवरच ठेवला असता, तर डेस्कटॉप कायमचा बाहेरच्या वाड्यात गेला असता. म्हणून आधी भिंत, मग केबल.

डेस्कटॉपला झोपू देऊ नका. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप कधीच नाही असं ठेवा, पडदा विझला तर चालेल. झोपलेला संगणक नेटवर्कवर नसतो, आणि "दुपारी जेवून आल्यावर दिसत नाही" अशी तक्रार असेल तर बहुतेक हेच कारण.

खालच्या राउटरसाठी एक छोटा बारा व्होल्टचा राउटर यूपीएस घेतला. विकत घेण्याआधी राउटरच्या अडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, काही राउटर नऊ व्होल्टचे असतात.

सगळं झाल्यावर मी मुद्दाम वीज गेल्यासारखं करून पाहिलं. यूपीएस बाजूला काढून खालच्या राउटरचा प्लग ओढला. लॅपटॉपचं वायफाय गेलं, काका उठून माझ्याकडं बघायला लागले. प्लग परत लावला, दोन मिनिटांनी लॅपटॉप जोडला गेला. झेड उघडला, कालची पट्टी समोर. पुन्हा प्लग काढला, पुन्हा लावला, असं पाच वेळा. पाचही वेळा उघडलं. मग वरचा डबा बंद करून चालू केला. तेव्हाही उघडलं, फक्त थोडा जास्त वेळ लागला, कारण पत्ते वाटणारा आता तोच एक आहे.

वहिनीनं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: वरचा डबा १.१, खालचा राउटर १.२, डेस्कटॉप १.५०, प्रिंटर १.५१, खालच्या राउटरची केबल लॅनमध्येच, वॅन रिकामी. ही शेवटची ओळ तिनं लाल शाईनं लिहिलीय, कारण उद्या कुणीतरी दुरुस्तीला येईल, रिकामी वॅन बघेल आणि मदत म्हणून केबल तिथं खोचेल. कागद कपाटाच्या सगळ्यांत वरच्या कप्प्याच्या उंचीवर आहे.